गव्हाचा उपास

एखादा पदार्थ न खाण्याची आपल्याकडे काही मान्यताप्राप्त कारणं आहेत. आज चतुर्थी आहे. श्रावण पाळतो. माळ घातली आहे. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आमच्या एका आत्याने काशीला जाऊन वांगं सोडलं, आणि पुढे हयातभर तिच्या पानात कुणी वांग्याचं देठसुद्धा वाढलं नाही. वास्तविक तिला वांगं कधीच आवडत नव्हतं. पण काशीचा शिक्का बसल्यावर बोलायची कुणाची टाप आहे? पंगतीत वाढपी "वांगं?" म्हणून वाकला की शेजारची बाई परस्पर "त्यांनी काशीला सोडलंय" असं सांगायची आणि वाढपी अदबीने पुढे सरकायचा.

"डॉक्टरांनी नको सांगितलंय" हे मात्र कारण धरलं जात नाही. तिथून चर्चा सुरू होते. डॉक्टर कोण, कुठला, वय काय, शिकला कुठे. समोरच्याच्या मामांना असंच काहीतरी नको सांगितलं होतं, ते त्यांनी रोज खाल्लं आणि नव्वदी पाहिली. आणि सगळं झाल्यावर "एवढ्याशाने काही होत नाही हो" म्हणत ती वस्तू ताटात पडतेच.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, त्याला तिचं शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढण्याच्या भरात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर उद्ध्वस्त करून टाकतं. यावर गोळी नाही, काढा नाही. गहू बंद, जन्मभर. निदानाला वेळ लागला, कारण पोट दुखणं, वजन न वाढणं आणि हिमोग्लोबिन खाली जाणं या तिन्हींचे उपाय मराठी घरात आधीच ठरलेले असतात: जंताचं औषध, दृष्ट काढणं आणि खजूर. आम्ही तिन्ही केले. मग एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली. ती गडबड दाखवत होती, म्हणून दुर्बिणीतून आतड्याचा कण काढायचं ठरलं. "तोवर गहू बंद करू नका हं, नाहीतर तपासणीत काही सापडायचं नाही," असं त्यांनी बजावलं. हे ऐकून माझ्या आईने तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत पुरणपोळ्या लाटल्या. पुरावा भक्कम हवा, म्हणाली.

घरात कोणी राहायचं हा प्रश्न आम्हा नवरा-बायकोत एका जेवणात सुटला. ती बँकेत शाखाधिकारी आहे. माझी नोकरी अशी होती की मी ती सोडल्याचं माझ्या साहेबांना हजेरीपटावरून कळलं असावं. बाकीच्यांनी मात्र हा प्रश्न अजून सोडवलेला नाही.

"सध्या काय करता?"

"घरी असतो."

"म्हणजे वर्क फ्रॉम होम."

"वर्क आहे, होम आहे. फ्रॉम तेवढं नाही."

दारावर येणारा प्रत्येक जण आधी माझ्या खांद्यावरून आत बघतो आणि मग विचारतो, "मॅडम नाहीत का?" एकदा सिलिंडरवाला तीन मजले चढून आला, मॅडम नाहीत असं कळलं आणि "मग नंतर येतो" म्हणून सिलिंडरसकट वळला. त्याला मी जिन्यात गाठून परत आणला. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाच्या यादीत गृहिणी आहे. वडिलांच्या यादीत शेतकरी आहे, उद्योजक आहे, मर्चंट नेव्हीसुद्धा आहे. मी दर जूनमध्ये "इतर" या खान्यात खूण करतो. भाजीवाल्या मावशींनी सुरुवातीला कोथिंबीर फुकट द्यायचा सपाटा लावला होता. मग एकदा आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी बऱ्या हायेत ना?" मी खुलासा केला की वहिनी उत्तम आहेत, बँकेत आहेत, घर मी बघतो. त्या दिवसापासून कोथिंबिरीचे दहा रुपये पडतात.

घर बघण्यात काय पडतं हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पण दूध ओट्यावर असताना बसची वेळ होते, वॉशिंग मशीनमध्ये कुणाच्या तरी खिशातला टिश्यू पेपर विरघळून सगळ्या कपड्यांवर बर्फ पडतो आणि नेमकं तेव्हाच "बाबा, उद्या शाळेत दगडांचे प्रकार न्यायचेत" असं जाहीर होतं, हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर येतं हे कळायला तो माणूस व्हावं लागतं. आणि माझ्याकडे या सगळ्याच्या वर गहू होता. म्हणजे नव्हता. तोच तर उद्योग होता.

गहू दिसतो तिथे टाळणं सोपं. पोळी, पाव, बिस्कीट कळतं. तो लपतो तिथे खरी गंमत. तिच्या पानात गव्हाचा कण नसताना आणि वरणभात, बटाटेवडे असलं निरुपद्रवी खाऊन मुलगी पुन्हा पोट धरून बसली, तेव्हा मी ओट्यावरची एकेक डबी चष्मा लावून वाचत गेलो. चोर फोडणीच्या डब्याशेजारी सापडला: हिंग. खड्याचा हिंग इतका उग्र असतो की पुडीत भरण्याआधी तो डिंकात आणि पिठात मिसळून सौम्य करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या वरणाला आपण बाळाचं पहिलं अन्न म्हणत आलो, त्यात चिमूटभर कणीक गुपचूप बसलेली! तेव्हापासून घरात तांदळाच्या पिठात मिसळलेला हिंग येतो. सोया सॉस त्याच दिवशी गेला, कारण त्यातही गहू असतो.

लपलेल्या गव्हापेक्षा अवघड म्हणजे उघड्यावरचा, पण लोकांच्या मते गहू नसलेला गहू. रवा हा गव्हाचाच असतो ही बातमी मी आजवर अनेक सुशिक्षित माणसांना दिली आहे आणि बहुतेकांनी ती अविश्वासाने घेतली आहे. "पोळी नको ना? मग उपमा टाकते" हे वाक्य मी इतक्या प्रेमळ तोंडांतून ऐकलंय की आता मी फक्त हात जोडतो. आमच्या सोसायटीतले एक काका सकाळी फिरताना मला अडवून खपलीचा प्रचार करतात. खपली हा आपला जुना, देशी गहू, पचायला हलका, तो हिला चालेलच. खपली जुनी आहे, देशी आहे, तिची खीर अप्रतिम होते. पण तिच्यात ग्लुटेन आहे. हे काकांना पटत नाही. "आमच्या लहानपणी नव्हतं हे ग्लुटेन-बिटेन," ते म्हणतात. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात रोज ज्वारीची भाकरी होती आणि पोळी सणाला किंवा पाहुण्याला, हे ते स्वतःच दुसऱ्या दिवशी वेगळ्या विषयावर बोलताना सांगतात.

आईला कसं समजवायचं हा माझ्यापुढचा सगळ्यात मोठा पेच होता, कारण स्वयंपाकघर अर्धं तिचं आहे. मी तिला सरकारी नियम सांगितला: ज्या पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं, त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

"म्हणजे किती?"

"चिमूटभर नाही. चिमटीला चिकटलेलंसुद्धा नाही. पोळीच्या तव्यावर तिची भाकरी टाकायची नाही. पोळपाट वेगळा. कणकेचा हात तिच्या डब्याला लावायचा नाही."

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे सोवळं."

मी चार पानी माहितीपत्रक छापून आणलं होतं, ते रद्दीत गेलं. आईच्या आजीकडे कडक सोवळं होतं, आणि त्याच्यावर आईने उभा जन्म राग धरला होता. पण त्याची सगळी कलमं तिला पाठ. कुठला टॉवेल कशाला लागला, कुठलं भांडं कुठल्या भांड्यावर उपडं ठेवलं, कोण कशाला शिवून आलं हे एका नजरेत टिपायचं शिक्षण तिला लहानपणीच मिळालं होतं. आमच्या ओट्यावर सीमारेषा आखली गेली. मी पोळ्या झाल्यावर चुकून तिकडच्या डावाकडे हात नेला तर "अरे, अरे, अरे!" असा तिहेरी गजर होतो. ज्या शास्त्राने माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते शेवटी गव्हाला बाहेर ठेवायच्या कामी आलं. त्याचा आजवरचा हा एकमेव सत्कारणी उपयोग असावा.

इथून मला वाट सापडली. पुढची पायरी गिरणी.

गिरणीत मी पहिल्यांदा गेलो तो प्रामाणिकपणे. ज्वारीचा डबा ठेवला आणि म्हणालो, "दादा, हे गव्हावर टाकू नका. मुलीला गव्हाचा त्रास आहे."

गिरणीवाल्याच्या भुवयांवर कणीक, मिशांवर कणीक, कानातल्या केसांवर कणीक. त्याने डब्यात हात घालून दाणे वरखाली केले. "मालदांडी का? चांगलीय. काय होतंय थोडं गव्हाचं आलं तर? उलट भाकरी मऊ पडंल."

मी आतड्याचं अस्तर समजावून सांगितलं. रांगेतल्या दोघी-तिघींनी त्यांच्या ओळखीतल्या आतड्यांची माहिती दिली. तोवर ज्वारी गव्हावर पडली होती.

पुढच्या खेपेस मी तोच डबा ठेवला आणि फक्त एवढंच म्हणालो, "उपासाचं आहे."

काय सांगू! पट्टा थांबला. गिरणीवाल्याने ब्रश काढला, वरचं तोंड झाडलं, खालची कापडी नळी सोडून झटकली, स्वतःचे हात झटकले, आणि माझ्याच दाण्यातली मूठभर आधी दळून ते पीठ बाजूला टाकलं. मागच्या बाईने आपला गव्हाचा डबा माझ्या डब्याला लागू नये म्हणून पायाने मागे सरकवला. ज्वारी उपासाला चालते का, हे कुणी विचारलं नाही. कुठला उपास, हेही नाही. रांगेतली एक आजी तेवढी हळहळली, "पुरुषमाणूस असून करतोय बिचारा."

अर्थात खरं सांगायचं तर एवढ्यानेही भागत नाही. गिरणीच्या हवेतच गहू असतो. त्या भुवयांचं तुम्ही काय करणार? शेवटी आम्ही घरघंटी घेतली. दूध तापवायच्या आत ती किलोभर ज्वारी दळते आणि तेवढ्या वेळात खालच्या मजल्यावरच्यांचा टीव्ही पूर्ण निरुपयोगी करते. गिरणीवाला अजून रस्त्यात भेटला की विचारतो, "सुटला का उपास?"

भाकरी मी शिकलो. आपण जे गरम पाण्यात पीठ भिजवतो, उकड काढतो, त्यामागे सगळं तेच शास्त्र आहे: ज्वारीत ताणून धरणारं ग्लुटेन नाही, म्हणून गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट करून घ्यायचा आणि त्याच्या भरवशावर थापायचं. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी परातीतच नकाशे काढायला लागते. नाचणी, बाजरी, तांदूळ, थालीपिठाच्या भाजणीतून गहू वगळून केलेली भाजणी, आंबोळ्या, घावनं असं करत आम्ही आरामात वर्षं काढली असती. २०२३ साली तर संयुक्त राष्ट्रसंघानेच भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, त्यामुळे आमचं रोजचं जेवण काही काळ आंतरराष्ट्रीय होतं. ज्वारीही त्या मानाला जागून महाग झाली.

पण लेकीला ब्रेड हवा होता. भाकरीचं सँडविच होत नाही. झालं तरी ते डब्यात उघडल्यावर वर्गात त्याला सँडविच म्हणून मान्यता मिळत नाही.

ब्रेडला वाईट म्हणवत नाही, कारण हा आजार समजला तोच ब्रेडच्या अनुपस्थितीमुळे. सॅम्युएल गी नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८८८ साली या रोगाचं नीट वर्णन केलं आणि इलाज असलाच तर तो आहारातूनच होईल असं सांगितलं. कुठल्या आहारातून, हे मात्र त्याला सापडलं नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली केळी सुचवली. मुलांना केळीच केळी खायला घाला. मुलं खरंच बरी व्हायला लागली आणि केळ्यात काहीतरी जादू आहे असा बराच काळ समज राहिला. जादू एवढीच की पोट केळ्यांनी भरलं की ब्रेडला जागा उरत नाही. हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला ब्रेडचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं, देश ट्यूलिपचे कंद उकडून खायला लागला, ब्रेड दिसेनासा झाला, आणि त्या उपासमारीत त्यांची सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली. मग ब्रेड परत आला, आणि पोरांची पोटंही परत बिघडली. डिके यांनी पुढे १९५० साली यावर प्रबंध लिहिला. हे वाचल्यावर मी ब्रेड करायला घेतला, म्हणजे मुळात शत्रूचं अनुकरण करायला.

गव्हाच्या कणकेत पाणी पडलं आणि मळायला घेतलं की ग्लुटेनची जाळी तयार होते. यीस्टने सोडलेली हवा त्या जाळीत अडकते आणि पाव फुगतो. ज्वारी-तांदळाच्या पिठात जाळी नाही. हवा येते आणि भाडेकरूसारखी नोटीस न देता निघून जाते. एकदा ओव्हनच्या काचेतून तो अगदी टोपीसारखा वर आलेला दिसला, मी ताबडतोब फोटो काढून बायकोला पाठवला. तिने मीटिंग संपवून तो उघडेपर्यंत ब्रेड बसला होता. कापल्यावर स्लाइसची कडा माझ्या हातात आली, मधला भाग ताटात राहिला. चव बरी होती. पण तो ब्रेड चमच्याने खावा लागत होता.

जाळीऐवजी परदेशात झँथन गम घालतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. कोबीवर काळी कूज आणणाऱ्या एका जंतूकडून तो बनवून घेतात. ही माहिती मी कौतुकाने जेवणाच्या टेबलावर सांगितली, तेव्हापासून आईने त्या डबीला हात लावलेला नाही. दुसरा उपाय त्याहून चांगला निघाला आणि तो घरातच होता. इसबगोलाचा भुसा. पाण्यात पडला की चिकट जेली होते आणि पिठाला ताण येतो. इसबगोल जगाला मुख्यतः आपणच पुरवतो. गुजरात-राजस्थानात पिकतो, तिकडून जहाजांतून जातो आणि युरोपातल्या ग्लुटेन-फ्री पावात शिरून, दसपट किंमत लावून, परत आपल्या मॉलच्या काचेच्या कपाटात येऊन बसतो. आमच्या घरात तो वडिलांच्या उशाशी होता.

"माझा इसबगोल कुठाय?" रात्री आतून आवाज आला.

"ब्रेडमध्ये घातला, बाबा."

थोडी शांतता. मग, "का? ब्रेडला काय झालंय?"

आता दोन डबे येतात आणि बाबांच्या डब्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात "औषध" असं लिहिलंय. ब्रेड उभा राहतो. अजून थोडा ओला असतो आणि दुसऱ्या दिवशी भाजल्याशिवाय खाववत नाही, पण त्याचे स्लाइस पडतात, आणि मधलं सारण दुसऱ्या बाजूने पळून जात नाही. यापेक्षा जास्त मी गव्हाच्या ब्रेडकडूनही कधी मागितलं नव्हतं.

केकच्या वेळी सासूबाई मालवणहून आल्या होत्या. मी तांदळाचं पीठ, साबुदाण्याचं पीठ, झँथन गम, व्हॅनिला असं वजनकाट्यावर मोजून मांडलेलं त्यांनी बराच वेळ पाहिलं. "काय करताय हे, जावईबापू?"

"बिनगव्हाचा केक."

"मग धोंडस करा की."

धोंडस म्हणजे पिकलेलं तवसं किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं आणि वेलची. जाड पातेलं चुलीवर, झाकणावर निखारे, म्हणजे खालून-वरून दोन्हीकडून भाजतं. यीस्ट नाही, अंडं नाही, जंतूचा गम नाही. आजींच्या आजीही करत होत्या, फक्त कुणी त्याला ग्लुटेन-फ्री म्हणून जास्त पैसे घेतले नव्हते. सासूबाईंनी तो आमच्या ओव्हनमध्ये लावला, ओव्हनला एकदा "याला निखारे कुठे घालायचे?" विचारलं, आणि तो असा झाला की माझा वजनकाटा मी मुकाट आत ठेवला. लेकीने दोन तुकडे खाल्ले आणि सांगितलं की हे छान आहे, पण हा केक नाही. केकवर क्रीम असतं.

त्यामुळे वाढदिवसाला नाचणीचा केला. नाचणीचं एक बरं असतं, ती जन्मतःच चॉकलेटी दिसते. कोको थोडा, लोणी-अंडी सढळ, वर क्रीम आणि रंगीत गोळ्या. मुलांनी ताट चाटून साफ केलं. न्यायला आलेल्या आयांपैकी एकीला कळलं की यात गहू नाही.

"ग्लुटेन-फ्री? म्हणजे हेल्दी!"

"साखर भरपूर आहे."

"हो, पण ग्लुटेन नाही ना," असं म्हणून तिने उरलेला मोठा तुकडा उभ्याउभ्या संपवला. मग मला विचारलं, वहिनींनी कधी केला, त्यांना वेळ कसा मिळतो. मी म्हणालो, रात्री. सगळीकडे खुलासा करत बसलं तर कोथिंबीर महाग पडते.

आता सत्यनारायण. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे श्रावणात पूजा असते आणि प्रसादाचा शिरा त्या असा करतात की नास्तिकही चपला काढून येतात. सव्वा मापाचा रवा, तेवढंच तूप, तेवढीच साखर, दूध, केळी. मागच्या वर्षी मी लेकीला केळं-पेढा देऊन बाजूला बसवलं, तेव्हा काकूंचा चेहरा पडला. "अरे, प्रसादाने कधी कुणाला काही होतं का?" आणि मग त्यांनी कथेतली कलावती काढली. कलावतीने प्रसाद न घेता धाव घेतली आणि नवऱ्याची नौका नाहीशी झाली. बायको त्या दिवशी बँकेच्या कामाने बाहेरगावी होती. काकूंनी मला दोनदा विचारलं, ती कशाने गेलीय. बसने, म्हटल्यावर जरा निवांत झाल्या.

या वर्षी मी आधीच गुरुजींना गाठलं. ते स्कूटरवरून एका वास्तुशांतीतून दुसऱ्या वास्तुशांतीला निघाले होते. ऐकून घेतलं आणि हेल्मेट न काढता म्हणाले, "पोथीत आहेच की. गव्हाचं चूर्ण, आणि त्याच्या अभावी तांदळाचं. साखरेच्या अभावी गूळ. तुम्ही लोक पोथी ऐकता कुठे, मोबाईल बघता."

मी थक्क झालो. मी वाचलं होतं की २०१७ साली व्हॅटिकनने जगभरच्या चर्चना पत्र लिहून स्पष्ट केलं होतं, प्रभुभोजनाच्या भाकरीत ग्लुटेन अगदी कमी असेल तर चालेल, पण मुळीच नसेल तर ती ग्राह्य नाही. हे मी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडे 'अभावे' लिहिलेलं नसेल," आणि किक मारली.

काकूंचा कायदेशीर आक्षेप मात्र होता. "पण अभाव कुठाय? माझ्याकडे डबाभर रवा आहे." यावर फोनवरून गुरुजींचा निर्वाळा आला की डबा कुणाचा हे महत्त्वाचं नाही, खाणाऱ्याला चालत नसेल तर तो अभावच. तेव्हा ठरलं की मोठं पातेलं रव्याचं, छोटं तांदळाच्या रव्याचं, आणि छोटं आमच्या ओट्यावर शिजेल. काकू आंघोळ करून, सोवळं नेसून, कुणाला न शिवता जिना चढून आल्या. आईने त्यांना दारातच थांबवलं.

"हात?"

"अगं, सोवळ्यात आहे मी!"

"खाली रवा भाजून आलीस ना? मग धुऊन ये."

काकूंच्या आयुष्यात त्यांच्या सोवळ्याला आव्हान देणारं माणूस प्रथमच भेटलं असावं. पण नियम कुठलाही असो, तो कडक आहे म्हटल्यावर त्यांना आदर वाटतोच. मुकाट्याने कोपरापर्यंत हात धुतले. शिरा झाला. कणी फुलली, तूप सुटलं, केळ्याचा वास जिन्यात गेला. छोट्या पातेल्यावर तुळशीचं पान ठेवून काकूंनी ते वेगळ्या पाटावर मांडलं आणि आरतीनंतर, अतिशय अभिमानाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आणि हा ग्लुटेन-फ्री आहे बरं का."

मोठ्या पातेल्यासमोरची रांग हलली. चौथ्या मजल्यावरचा जिमला जाणारा मुलगा आला. वजनाची चिंता असलेल्या तिघी आल्या, एकमेकींना "हा खाल्ला तर चालतो" असं सांगत. वाढदिवसाची ती आई आली. खपलीवाले काका आले, एक द्रोण घेतला, तिथेच संपवला आणि दुसरा "हिच्यासाठी" म्हणून घेतला. काकू, म्हणजे त्यांच्या ही, माझ्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा द्रोण होता. मी पातेल्यापर्यंत पोहोचायच्या आत बुडाला डाव खरवडल्याचा आवाज आला.

लेक खालून खेळून, हातपाय धुऊन आली. आजीने तिचा वेगळा चमचा हातात दिला होता. तिने पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे, मग काकूंकडे. काकू क्षणभरच गडबडल्या आणि चौरंगावरच्या फळांतून त्यांनी एक पिकलेलं केळं उचललं. "घे बाळा, हाही प्रसादच."

डॉ. हास यांना हे पूर्ण पटलं असतं. लेकीने केळं सोललं, एक घास खाल्ला आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाबा, पुढच्या वर्षी सगळ्यांना सांगायचं, यात गहू आहे."